अफवा पोचते, उत्तर अडते : इंटरनेटबंदीच्या आदेशाचे एक वाचन

उर्दू शाळेत खुतूतनवीसी, म्हणजे पत्रलेखन, शिकवताना आम्ही मुलांना सगळ्यात आधी कागदाचा वरचा कोपरा भरायला लावतो. ठिकाण लिहा, तारीख लिहा. मग ज्याला लिहायचे त्याच्या मानाप्रमाणे संबोधन, मग मजमून आणि शेवटी आपले नाव. ज्या पत्राला ठिकाण-तारीख नाही आणि ज्याखाली नाव नाही, ते निनावी पत्र. शहाणा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. हा धडा दरवर्षी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला, सरकारच्या सूचनेवरून आपल्या भागातील इंटरनेट सेवा बंद आहे अशा आशयाची एक ओळ मोबाइलवर दिसली, की पत्राचा तोच कोपरा आठवतो. सूचना कुणाची? कोणत्या तारखेची? किती दिवसांसाठी? आणि कारण काय?

समीक्षा कथा-कवितेचीच करायची असते, असा आपल्याकडे एक समज आहे. पण ज्या मजकुराने लाखो माणसांचे बोलणे एका रात्रीत थांबते, तो मजकूरही वाचला पाहिजे. त्यातले शब्द कुठून आले, तो काय सांगतो आणि काय लपवतो, हे तपासले पाहिजे. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

निमित्त आपल्या घराजवळचे आहे. १० सप्टेंबर २०२३, रविवार. दिल्लीत त्या दिवशी जी-२० परिषदेची सांगता झाली. तिच्या जाहीरनाम्यात डिजिटल सार्वजनिक सुविधांचा मोठा गौरव होता. त्याच रात्री सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, पुसेसावळी गावात, समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले, दुकाने आणि वाहने जाळली गेली. त्यानंतर जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले. त्याआधी तीन महिने, जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेजारच्या कोल्हापुरात मोबाइलवर ठेवलेल्या 'स्टेटस'वरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि तिथेही इंटरनेट थांबवले गेले. मे महिन्यात अकोल्यात हेच घडले होते.

इथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मजकूर फिरला, जमाव जमला, मशिदीत माणूस मेला; आणि मग इंटरनेट बंद झाले. ज्याला थांबवायचे होते ते आपले काम उरकून गेले होते. मग बंदीने थांबवले ते नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी आदेशाची भाषा पाहू. इंटरनेटबंदीच्या आदेशात दोन शब्द हटकून येतात : 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता'. हे शब्द इंटरनेटच्या काळातले नाहीत. ते १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील कलम ५ मधले आहेत. १८५७ चे बंड मोडताना तारायंत्र इंग्रजांच्या किती कामी आले हे त्यांना चांगले ठाऊक होते. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला गेलेल्या खबरीची गोष्ट इतिहासात प्रसिद्धच आहे. त्यामुळे तारेची किल्ली आपल्या हाती राहावी, अशी तजवीज त्यांनी कायद्यात करून ठेवली. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. तार गेली, पण तारेचा कायदा राहिला. २०१७ साली त्याच कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या खंडित करण्याचे नियम झाले. त्याआधी बहुधा जमावबंदीच्या कलम १४४ चा आधार घेतला जाई. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियमही आले. पण त्या नव्या अधिनियमाचे कलम २० वाचा. तिथे तेच दोन शब्द पुन्हा बसलेले आहेत. इंग्रज गेले, तार गेली, कायदाही बदलला. त्या दोन शब्दांना मात्र कुणी हात लावला नाही. कायद्यात त्यांची व्याख्याही केली गेली नाही. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले होते. देशात किती वेळा आणि कुठे इंटरनेट बंद झाले याची नोंद सरकार ठेवत नाही, आणि बंदीने खरोखर काही साधते का याचा अभ्यासही झालेला नाही, हेही त्याच समितीने नोंदवले. व्याख्या नाही, नोंद नाही, अभ्यास नाही. अशा मजकुराला आमच्या शाळेत किती गुण मिळाले असते?

सातारा-सांगलीच्या वाचकाला तारेचा आणखी एक संदर्भ आठवेल. १९४२ च्या आंदोलनात या मुलखातल्या माणसांनी तारा तोडल्या होत्या. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची ही भूमी. तेव्हा जनता सरकारची तार तोडत होती, कारण त्या तारेवरून लाठी आणि बंदूक येत होती. आज सरकार जनतेची तार तोडते. ऐंशी वर्षांत तारेची दोन्ही टोके इतकी बदलली, याचा विचार आपल्या साहित्यात अजून आलेला नाही.

आता बंदीने काय थांबते ते पाहू. आपल्याकडचा मुसलमान म्हणजे बहुतांशी शिकलगार, मुलाणी, आतार, बागवान, तांबोळी, मोमीन. हातावर पोट असलेली माणसे. बागवानाच्या गाड्यावर आता क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. इंटरनेट गेले की त्या कागदाची किंमत रद्दीइतकी. मोबाइलवरून मागणी घेणारा रिक्षावाला, शिवणकाम करणाऱ्या बाया, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवणारा बाप, असे सगळे एका ओळीने थांबतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. बहुतेक वेळा मोबाइलवरचे इंटरनेट बंद होते, घरी-कचेरीत तारेने आलेले चालू राहते. म्हणजे ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे त्याला बंदी जाणवतही नाही. गोरगरिबाचे सारे जग त्या मोबाइलमध्ये असते, आणि तेच बंद होते. आदेशात 'सर्व नागरिक' असे लिहिलेले असो वा नसो, त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

पण पैशाचे नुकसान भरून निघते. न भरून निघणारे नुकसान खबरबातीचे असते. उर्दू शिकलेल्या माणसाला इथे मिर्झा गालिब आठवल्याशिवाय राहत नाहीत. ज्यांनी पत्राला संभाषणाची कळा दिली त्या गालिबना १८५७ साली दिल्लीत घराबाहेर पडणे मुश्किल झाले होते. मनाने आजारी असलेला त्यांचा धाकटा भाऊ, मिर्झा युसूफ, थोड्या अंतरावरच राहत होता. त्याची धड खबरही मिळत नव्हती. ऑक्टोबरमध्ये तो वारला. गुसल द्यायला माणूस नाही, कबर खोदायला माणूस नाही, अशा अवस्थेत शेजाऱ्यांनी त्याला जवळच्या मशिदीत दफन केले. हे सारे गालिबनी 'दस्तंबू'त लिहून ठेवले आहे. काश्मीरचे इंग्रजी कवी आगा शाहिद अली यांनी १९९७ च्या आपल्या संग्रहाला टपालघर नसलेल्या देशाचे नाव दिले. १९९० मध्ये काश्मिरात टपालवाटप बंद पडले होते, त्याची ती आठवण होती. सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या अंतराने लिहिणाऱ्या या दोन कवींचे दुःख एकच आहे : आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे कळत नाही. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी नात्यातल्या माणसाची खुशाली विचारणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. लोक म्हणतात, अफवा थांबवायला दुसरा मार्ग कोणता? एखादी खोटी चित्रफीत तासाभरात शंभर गावांत पोचते. इंटरनेट चालू ठेवून सरकारने आणखी गावे पेटू द्यायची का? मी प्रामाणिकपणे कबूल करते की अशा रात्री आपल्यातल्याही पुष्कळांना इंटरनेट बंद झाल्याचे ऐकून हायसे वाटते. भीतीच्या वेळी कुठलाही बंद दरवाजा बरा वाटतो.

पण अफवेला इंटरनेट लागत नाही, हे आपल्या साहित्याने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. कोकणातल्या एका गावात हिंदू-मुस्लिम तणाव कसा पेटत जातो ते तिच्यात आहे, आणि त्या गावात कुणाकडेही मोबाइल नाही. भीष्म साहनींच्या 'तमस'ला १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात मशिदीच्या पायरीवर मेलेले डुक्कर सापडते आणि बातमी बाजारातून गल्लीत, गल्लीतून खेड्यात पायी पायी जाते. 'तमस' पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. शहरातले प्रतिष्ठित नागरिक इंग्रज डेप्युटी कमिशनरकडे जाऊन, काहीतरी करा, अशी विनवणी करतात. तो टोलवाटोलवी करतो. पुढे बरेच रक्त सांडल्यावर सरकारी विमान गावांवरून घिरट्या घालते आणि दंगल थांबते. शासन आहे आणि ते पाहते आहे, एवढे दिसले की हात थांबतात. साहनींनी दाखवलेले हे सत्य आजच्या आदेशात नेमके उलटे झाले आहे. इंटरनेट बंद होते तेव्हा शासन दिसत नाही; लोकच एकमेकांना दिसेनासे होतात.

आणि कादंबरी कशाला, मिरज आहेच. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या अफजलखान वधाच्या कमानीवरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या हाती व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. आग लागायला काडी लागते आणि सुके गवत लागते. वाऱ्याला दोष देऊन गवत हिरवे होत नाही. स्टॅनफर्डचे अभ्यासक यान रिडझाक यांनी भारतातील बंदींचा अभ्यास केला, तेव्हा बंदीनंतर हिंसा घटण्याऐवजी वाढलेली त्यांना आढळली. त्यामागचे कारण आपल्याला अनुभवाने कळते. अफवा तोंडोतोंडी चालते, उत्तराला मात्र पुरावा जोडावा लागतो. ती फीत इथली नाही, दुसऱ्या देशातली आहे. तो मुलगा पळवलेला नाही, घरी जेवतो आहे. मूर्तीला कुणी हात लावलेला नाही, हा पाहा तिचा आत्ताचा फोटो. हे सांगायचे साधनच नेमके काढून घेतले जाते. अफवा पोचते, उत्तर अडते.

साक्षही अडते. मणिपुरात ३ मे २०२३ रोजी हिंसा उसळली आणि इंटरनेट बंद झाले. दुसऱ्याच दिवशी महिलांची नग्न धिंड काढली गेली. त्याची चित्रफीत देशापुढे आली १९ जुलैला, अडीच महिन्यांनी. पोलिसांत नोंद मे महिन्यातच झाली होती, पण फाइलमधल्या नोंदीने कुणी हलले नव्हते. फीत बाहेर आल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. ती फीत भडका उडवणारी होती, असेही कुणी म्हणेल. पण त्या अडीच महिन्यांच्या अंधारात सुरक्षित कोण राहिले? धिंड काढणारे. आदेशातला 'सुरक्षितता' हा शब्द वाचताना 'कुणाची?' हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

न्यायालयाने हा प्रश्न विचारला का? विचारला, पण अर्धाच. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मिरात सगळे संपर्क तोडण्यात आले, तेव्हा 'काश्मीर टाइम्स'च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी न्या. रमणा, न्या. सुभाष रेड्डी आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी निकाल दिला. साहित्याच्या वाचकाला नवल वाटेल, त्या निकालाची सुरुवात डिकन्सच्या कादंबरीतील उताऱ्याने होते. मजकूर म्हणून तो निकाल देखणा आहे. बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, उपाय गरजेइतकाच असला पाहिजे, इंटरनेटवरून बोलणे आणि व्यवसाय करणे यांना घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे, हे सारे त्यात आहे. पण ज्या आदेशांवर निवाडा करायचा ते सगळे आदेश सरकारने न्यायालयापुढेही ठेवले नव्हते. आणि निकालाच्या शेवटी काश्मीरचे इंटरनेट काही सुरू झाले नाही. सरकारनेच आपल्या आदेशांचा फेरविचार करावा, असे सांगितले गेले. वेगवान इंटरनेट परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात टाळेबंदीमुळे देशभरच्या शाळा मोबाइलवर गेल्या होत्या. तिथली मुले टू-जीवर धडे उतरवत बसली. त्याउलट, सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातल्या मोबाइलबंदीविरुद्ध आलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल देताना, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असे साधेपणाने म्हटले. डिकन्सची गरज पडली नाही. एका शिक्षिकेच्या नजरेला हा दुसरा निकाल अधिक चांगला गद्यनमुना वाटतो. त्यात जे म्हटले ते त्या मुलीच्या हाती पडले.

आदेशाची फेरतपासणी करणारी समितीही पाहिली पाहिजे. राज्यात ती मुख्य सचिव आणि इतर सचिवांची. न्यायाधीश नाही, बाहेरचा माणूस नाही. लिहिणारा, तपासणारा आणि गुण देणारा एकाच कचेरीतला. आमच्याकडे दहावीचा पेपरही दुसऱ्या शाळेतले शिक्षक तपासतात.

हा केवळ मुसलमानांचा गाऱ्हाणा नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांचे इंटरनेट तोडले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षकभरतीच्या परीक्षेसाठी ते बंद झाले. २०२३ च्या अखेरीस बीड-जालन्यात मराठा आरक्षणाच्या आंदोलनात हीच पाळी मराठा बांधवांवर आली. 'अ‍ॅक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झाले. २०१८ पासून सलग सहा वर्षे आपण जगात पहिले होतो. २०२४ मध्ये म्यानमार ८५ आणि आपण ८४. लष्करी राजवटीने आपल्याला एका आकड्याने मागे टाकले, यात समाधान मानायचे की काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

मग अशा रात्री करायचे काय? जे पूर्वी करायचे तेच : पोलीस वेळेवर पोचले पाहिजेत, चिथावणी देणारा पहिल्याच तासात पकडला गेला पाहिजे, जिल्हाधिकाऱ्यांनी मराठीत, उर्दूत, स्वतःच्या नावानिशी खरे काय घडले ते सांगितले पाहिजे. आणि बंदी अटळच असेल तर आदेशावर ठिकाण, तारीख, कारण, मुदत आणि सही दिसली पाहिजे, गावच्या चावडीवर तो वाचायला मिळाला पाहिजे. आम्ही चौथीच्या मुलाकडून जेवढे मागतो तेवढेच.

आपल्यालाही आपली वही तपासावी लागेल. कुठलीही चित्रफीत न बघता पुढे ढकलण्यात आपली मुले मागे नाहीत. सूरह हुजुरातमध्ये, कुणी खबर आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या जमातीचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. जुम्याच्या बयानात आपण ती कितीदा ऐकली असेल. पण शहानिशा करायची तर विचारण्याचे मार्ग उघडे हवेत. आपण ती ताकीद पाळली नाही, म्हणून मार्गच बुजवण्याचा हक्क कुणाला मिळत नाही; आणि मार्ग बुजवले जातात, म्हणून आपली जबाबदारीही टळत नाही.

मुस्लिम मराठी लेखकांनी दंगल लिहिली, तलाक लिहिला, गरिबी लिहिली. इंटरनेट नसलेले दोन-तीन दिवस मात्र अजून कुणी लिहिलेले नाहीत. त्या दिवसांत कुणाचे काय अडले, कुणाच्या घरी खबर किती तासांनी पोचली, शेजारच्या हिंदू घरातून कुणी येऊन काय सांगितले, हे सारे आज आठवणीत आहे आणि दहा वर्षांनी नसेल. सरकार नोंद ठेवत नाही, हे संसदेच्या समितीने सांगितलेच आहे. मग ती आपणच ठेवू. कथा झाली तर कथा, नाहीतर साधी टिपणे. फक्त वरच्या कोपऱ्यात ठिकाण आणि तारीख लिहायला विसरू नका, आणि खाली आपले नाव.